घाटात गाडीचा दम का तुटतो?

प्रश्न : काका, आम्ही 2016 ची डिझेल मिनीबस सेकंडहँड घेतली, सीट काढून आत बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी वगैरे करून घेतलं. सपाटीला गाडी झकास पळते. पण चिपळूणहून कुंभार्ली घाट चढायला लागलो की अर्ध्यात पिकअप जातं, पेडल पूर्ण दाबलं तरी ओढतच नाही, सेकंडमध्ये रांगत जातो. बंद पडत नाही, धूर नाही, चेक लाईट नाही. लगेच बंद-चालू करून काही होत नाही, पण चहा पिऊन वीस मिनिटांनी निघालो की जसं काही झालंच नव्हतं. दर वेळी होतंच असंही नाही. डिझेल फिल्टर दोनदा बदलला, इंजेक्टर साफ केले, आता मेकॅनिक म्हणतो टर्बो बदला. बदलू का?

उत्तर : ताई, टर्बोला (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) एवढ्यात हात लावू देऊ नका. टर्बोचा होज फाटला किंवा क्लिप ढिली झाली तर बहुतेक वेळा शिट्टीसारखा आवाज येतो, काळा धूर दिसतो, आणि फाटलेला होज चहा पिऊन शिवला जात नाही. सेन्सरमुळे गाडी लिम्प मोडमध्ये (बिघाड वाटला की गाडी स्वतःच ताकद कमी करते ती अवस्था) गेली असती तर सहसा लाईट लागते आणि बंद-चालू केल्यावर बऱ्याचदा तात्पुरती सुधारते. तुमची सुधारते ती थांबल्यावर, म्हणजे माझा संशय सरळ डिझेलवर आहे, घाटात इंजिन जास्त डिझेल मागतं आणि तेवढं पोचत नाही, सपाटीला कमी लागतं म्हणून तिथे कळत नाही.

आता पुढच्या वेळी दम तुटला की सुरक्षित जागी गाडी घ्या, हँडब्रेक लावा, चाकामागे दगड ठेवा आणि डिझेलचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि लगेच निघाल्यावर गाडी पुन्हा ओढायला लागली तर टाकीला श्वास घ्यायची वाट बंद आहे. डिझेल जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे ना! माझ्याकडे अशीच एक कॅम्पर आली होती, सांडपाण्याची टाकी बसवताना कोणीतरी डिझेल टाकीचा ब्रीदर पाइप (हवा आत घेणारी नळी) उचलून बाजूला लोंबकळत सोडला होता, सायकलची तार घालून ओढलं तर करंगळीएवढा मातीचा बोळा आणि आत सुकलेले कोळी. कुंभारीण माशीचं घर! मालक तोवर पंप बदलून बसला होता. (काही गाड्यांत ही वाट झाकणातच असते, तेही बघा.)

झाकण उघडून फरक पडला नाही तर डिझेलचा काटा कुठे होता ते आठवा. टाकी पावभर असतानाच होत असेल तर आतला ओढायचा पाइप चिरलेला असू शकतो, चढावर डिझेल एका बाजूला गेलं की तो हवा घेतो. काटा कुठेही असताना होत असेल तर टाकीतली जाळी बघा, गाळ चिकटतो आणि थांबलं की खाली बसतो, फिल्टर कितीही बदला. फिल्टरच्या आधी तात्पुरता पारदर्शक होज लावून बुडबुडे दिसतात का तेही बघता येतं, लडाखच्या थंडीसाठी आत डिझेलवर चालणारा हीटर बसवून डिझेलच्या लाईनला टी (फाटा काढायचा जोड) मारली असेल तर हवा बहुतेक तिथूनच येते. हे सगळं गॅरेजवाल्याकडूनच करून घ्या, आणि जुन्या सवयीने कुणाला इंजेक्टरचा पाइप ढिला करून बघू देऊ नका, कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी जाड नळी) हजार बारच्या वर प्रेशर असतं, धार कातडीत घुसते.

प्रश्न : पावसाळाभर गाडी उभी असते. डिझेलची टाकी रिकामी ठेवावी का?

उत्तर : उलट, भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थंड झाली की पत्र्याला घाम येतो, ते पाणी तळाशी जमतं आणि त्यात बुळबुळीत काळं काहीतरी वाढतं. गणपतीला गाडी काढण्याआधी फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला करून कपभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, पंधरा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळं दिसेल, मग साफ डिझेल येईपर्यंत काढत राहा.