आधी रोस्टर माग

तुझं पत्र मिळालं. 'रेल्वे कामगारांच्या संपाबद्दल लोकांना काय वाटतं' हा विषय डेस्कने तुझ्या गळ्यात मारला, तू कल्याणच्या फलाटावर उभी राहून बाइट गोळा केलेस आणि एका परिचारिकेने तुला सुनावलं की भांडण यांचं आणि खाडा मात्र आमचा. मग तू लॉबीबाहेर, म्हणजे गाडी चालवणारे जिथे हजेरी लावतात तिथे, एका मोटरमनला गाठलंस. तो म्हणाला, "मॅडम, गाडी थांबली की मगच आम्ही तुम्हाला दिसतो." आता दोघांचंही पटतंय आणि बातमी निम्म्यात अडकली आहे.

अडकली हे बरं झालं. ज्यांची अडकत नाही ते अर्ध्या तासात 'प्रवाशांचे हाल' लिहून चहाला जातात.

संपाचा हक्क, कामगारांची प्रतिष्ठा वगैरे मी तुला शिकवत बसणार नाही. तेवढं तुला कळतं म्हणून तर आपलं जमतं. मला एकच सांगायचं आहे, आणि ते मी इतक्यांदा सांगणार आहे की तुला वैताग येईल. संपाबद्दल कुणाचं मत छापण्याआधी, आणि स्वतःचं बनवण्याआधी, रोस्टर माग, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक. माणसाचं साइन ऑन (कामावर हजर होणं) किती वाजता, साइन ऑफ (सुटणं) किती वाजता, मध्ये विश्रांती किती, लागोपाठ रात्री किती. हा कागद समोर नसेल तर मिळतात ते नुसते आवाज, आणि आवाजाच्या बाबतीत गर्दी नेहमीच जिंकते.

कागदात काय असतं ते बघ. 1989 च्या रेल्वे कायद्यात कामाच्या तासांचे खण पाडलेले आहेत. सलग काम असलेल्याला आठवड्याला सरासरी 54 तास, फार ताणाचं काम असलेल्याला 45, आणि ज्याच्या कामात मधेमधे रिकामा वेळ असतो असं रेल्वेने ठरवलंय त्याला 75 तासांपर्यंत. फाटकावरचे कितीतरी गेटमन या शेवटच्या खणात बसवलेले असतात. बारा तासांची पाळी, कारण दोन गाड्यांच्या मध्ये म्हणे तो मोकळा. त्या मोकळ्या वेळात त्याने फाटक सोडायचं नाही, डोळा लागू द्यायचा नाही, कान फोनकडे ठेवायचा. हे तुझ्या परिचारिकेला सांग आणि विचार, रात्रपाळीत वॉर्डातले पेशंट झोपलेले असतात तेव्हा तुम्ही मोकळ्या असता का? तिला हे तुझ्या संपादकाआधी कळेल. मग जो बाइट मिळेल तो छाप.

गाडी चालवणाऱ्यांचं तर आणखी जुनं दुखणं आहे. 1973 च्या ऑगस्टमध्ये लोको (इंजिनावरच्या) कर्मचाऱ्यांच्या आंदोलनानंतर साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत दहा तासांची मर्यादा सरकारने मान्य केली होती. अर्धं शतक उलटलं, आणि तास हाच विषय अजून मागण्यांच्या यादीत वर आहे. घरच्या मुख्यालयात परतल्यावरची 16 तासांची विश्रांती आणि आठवड्याची 30 तासांची विश्रांती वेगळी मोजायची की एकात एक घालायची, यावर वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. लागोपाठ रात्री दोन असाव्यात की चार, यावरही. जेवणाला आणि लघवीला ठरलेली सुट्टी मिळावी अशी मागणी होती, ती रेल्वे बोर्डाने 2025 च्या एप्रिलमध्ये व्यवहार्य नाही म्हणून बाजूला ठेवली. बऱ्याच इंजिनांत अजून शौचालय नाही, आणि आता इंजिन चालवणाऱ्यांत बायकाही आहेत. तू बाई आहेस, हे वाक्य मी लांबवत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत देशभरातल्या लोको पायलटांनी, म्हणजे इंजिनचालकांनी, याच मागण्यांसाठी 36 तासांचा उपास केला. उपाशीपोटी गाड्या चालवल्या, थांबवल्या नाहीत. लोकांचं त्यावर काय मत होतं सांग बरं? काहीच नव्हतं. एकही बाइट नाही, कारण कुणाची लोकल चुकली नव्हती. तुझ्या मोटरमनचं वाक्य नीट तपासायला हे एवढं पुरे आहे. आणि तरी आपण दर वेळी साळसूदपणे विचारतो, 'विरोधाचे दुसरे मार्ग नव्हते का?' होते. त्यांनी वापरले. आपण आतल्या पानावरसुद्धा घेतले नाहीत.

आणखी एक बघ. 2024 च्या फेब्रुवारीत मध्य रेल्वेवरचा एक मोटरमन गाडीखाली आला. सहकारी त्याच्या अंत्यसंस्काराला गेले आणि त्या दिवशी जादा काम करायला कुणी उभं राहिलं नाही. शंभरावर लोकल रद्द झाल्या. संप नव्हता, घोषणा नव्हत्या, फक्त ओव्हरटाइम नव्हता. म्हणजे आपली रोजची लोकल कशावर धावते ते रोस्टरमध्येच लिहिलेलं आहे, वाचणारा नाही इतकंच. माणसं कमी आहेत, म्हणून असलेली माणसं लांबवली जातात. ती एक दिवस न लांबता घरी गेली की त्याला आपण 'अडवणूक' म्हणतो. प्रवासी रुळांवर बसले, जसे 2015 च्या 2 जानेवारीला दिवा स्थानकात बसले, तर मात्र 'संयमाचा बांध फुटला'. दोन्हीकडे गाड्या बंदच असतात की नाही?

जनमत म्हणून जे आपण छापतो ते बरंचसं आपणच घडवलेलं असतं. 1899 च्या मे महिन्यात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या सिग्नलर्सनी संप केला. मागण्या पगाराच्या, कामाच्या तासांच्या, नोकरीच्या अटींच्या. टिळकांच्या 'केसरी'ने आणि 'मराठा'ने त्यांची बाजू महिनोन् महिने लावून धरली. फिरोजशहा मेहता आणि दिनशा वाच्छा यांच्यासारख्या वजनदार माणसांनी सभा घेतल्या, संपवाल्यांसाठी निधी जमवला. मालक इंग्रज होता म्हणून हे सोपं गेलं, हे मला मान्य आहे. पण तेव्हाही गाड्यांचा खोळंबा होतच होता आणि तरीही वर्तमानपत्रांनी आधी तास विचारले.

1974 ला मालक आपलाच होता. 8 मेपासून सुमारे 17 लाख कामगार कामावर गेले नाहीत. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस त्याआधीच अटकेत होते. हजारोंना आत टाकलं, वसाहतींतल्या क्वार्टरमधून बायकापोरांना बाहेर काढलं. 18 तारखेला पोखरणचा अणुस्फोट झाला, देशाचा ऊर भरून आला आणि संप पानाच्या खाली सरकला. 27 ला तो मागे घेतला गेला. आठ तासांची पाळी ही त्या संपातली एक ठळक मागणी होती. आज कुणालाही विचार, लोकांना आठवते ती जॉर्जची बेड्या उंचावलेली छबी. ती तर संपाची नाहीच, पुढच्या आणीबाणीतली आहे. आठ तास कुणाला आठवत नाहीत.

आता माझं. मे 2010 मध्ये मुंबईच्या मोटरमननी अन्नत्याग केला आणि शहर ठप्प झालं तेव्हा मी डेस्कवर होतो. कुठल्या पेपरच्या, ते तुला ठाऊक आहे, इथे नको. मागणी पगारातल्या तफावतीची होती. तरी मी एका ओळखीच्या मोटरमनकडून त्याच्या ड्युट्यांच्या वेळा घेतल्या, चौकट तयार केली आणि पहिल्या पानासाठी दिली. चौकट गेली, तिथे ठाण्याच्या गर्दीचा फोटो आला. मी मथळा लिहायला नकार दिला. पुढे माझी बदली पुरवणीत झाली आणि मी कित्येक महिने राशिभविष्याचं पान लावलं. ज्या सहकाऱ्याने तो मथळा लिहिला, त्याच्याशी माझं बोलणं तुटलं ते तुटलंच. तो गेला तेव्हाही आम्ही बोलत नव्हतो. त्याचं वाईट वाटतं. चौकटीबद्दल नाही वाटत. लोक म्हणतात मी हेकट होतो, एका कागदापायी करिअर घालवलं. म्हणोत. त्या दिवशी मुंबईतल्या एकाही वाचकाला हे समजलं नाही की सकाळी त्याला सीएसटीला नेणारा माणूस किती वाजता उठला होता. हे माझ्या हेकटपणापेक्षा मोठं आहे, असं मला अजून वाटतं.

तू आता म्हणशील, प्रत्येक ठिकाणी हे लागू पडतं का? नाही पडत. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये सीएसएमटीला ऐन संध्याकाळच्या गर्दीत अचानक काम थांबवलं गेलं. कारण तासांचं नव्हतं, मुंब्र्याच्या अपघातात अभियंत्यांवर दाखल झालेल्या गुन्ह्याचं होतं. लोक उतरून रुळांवरून चालायला लागले आणि सँडहर्स्ट रोडजवळ माणसं गाडीखाली सापडून मेली. पूर्वसूचना न देता, घरी परतायच्या वेळेला, हे मला पटलं नाही, आणि कुणी त्याचं समर्थन करायला आलं तर मी भांडेन. तुझ्या परिचारिकेचा राग अशा ठिकाणी शंभर टक्के खरा आहे, तो तसाच छाप. रेल्वे सुरक्षेवरच्या अनिल काकोडकरांच्या समितीने 2012 मध्ये लिहून ठेवलंय की रूळ ओलांडताना वगैरे तेव्हा देशात वर्षाला सुमारे 15,000 माणसं मरत होती, त्यातली 6,000 एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर. जिथे एरवीच माणसं रुळांवर मरतात, तिथे गर्दीला रुळांवर उतरायला लावण्याआधी कुणीही दहादा विचार करायला हवा. युनियननेही.

पण म्हणून लगेच दुसऱ्या टोकाला पळू नकोस. अपघात झाला की बोट कुठे जातं ते बघत जा. 17 जून 2024 ला कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून मालगाडी धडकली. मालगाडीचा लोको पायलट मेला होता आणि त्याच दिवशी दोष त्याच्या माथी मारला गेला. पुढे चौकशीत निघालं की स्वयंचलित सिग्नल बिघडल्यावर त्याला जो कागद द्यायला हवा होता तो दिलाच नव्हता, दुसराच दिला होता. मेलेल्या माणसाची बाजू मांडायला कोण येणार होतं? गाडी चालू असताना तास विचारले असते, नियम विचारले असते, तर त्या दिवशी वार्ताहरांनाही दुसरे प्रश्न सुचले असते.

दोन्ही बाजूंना सारखी जागा दे, असं तुझं डेस्क म्हणतं. दे की. पण फलाटावरच्या रागाला फोटो, नाव, गाव, रडू, आणि मोटरमनला 'संघटनेच्या पदाधिकाऱ्याने सांगितले' एवढं एक वाक्य, याला सारखी जागा म्हणत नाहीत. परिचारिकेचा खाडा जितक्या बारकाईने लिहिलास तितक्याच बारकाईने त्याची रात्र लिही.

आता कामाचं. लॉबीत कुणी तुला कागद हातात देणार नाही, आणि जो देईल त्याची नोकरी धोक्यात येईल, म्हणून नाव आणि विभाग ओळखू येईल असं काही छापायचं नाही. यात तडजोड नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. मंजूर जागा आणि रिकाम्या जागा माहिती अधिकारात माग, विभागवार माग, 'एकूण' आकडा घेऊन परत येऊ नकोस. मोटरमनवर थांबू नकोस, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनकडे आणि सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनकडे जा. त्यांच्यामुळे लोकल थांबली तरी त्यांची नावं कुणी विचारत नाही. निवृत्त गार्ड शोध, ते मोकळेपणाने बोलतात, फक्त जुन्या काळाच्या गोष्टींत रमतात, त्यांना हळूच तासांवर आणायचं. आणि जनसंपर्क अधिकाऱ्याला प्रश्न लेखी पाठव. उत्तर आलं नाही तर 'उत्तर आलं नाही' असं तारखेसह लिही.

शुक्रवारपर्यंत कच्चा मसुदा मला पाठव. मथळ्यासाठी मात्र डेस्कशी तुझं तूच भांड. मी मध्ये पडलो तर तुझं जमणारंही फिसकटेल.