डिपॉझिटचे दोन लाख कुणाचे?

दहिसरहून एका वाचकांनी लिहिलंय. वय ५७, निवृत्तीला एक वर्ष. बोरिवली पूर्वेला जुन्या सोसायटीत वन बीएचके भाड्याने दिलाय. भाडं ३२ हजार, डिपॉझिट २ लाख. साडेचार लाखांचं पर्सनल लोन काढून मॉड्युलर किचन आणि नव्या लाद्या केल्या, तर भाडं ४० हजारांवर जाईल का, असं विचारतात.

नाही जाणार. शेजारच्या विंगमध्ये तेवढंच घर ३५ हजारांना मिळत असताना किचनच्या ट्रॉल्यांसाठी कुणी पाच हजार जास्त मोजत नाही. तीन हजार वाढले असं धरू. वर्षाचे ३६ हजार. बारा टक्क्यांच्या कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याजच पन्नास हजारांच्या आसपास जातं. हा विषय इथेच संपला.

खरा घोळ पत्राच्या शेवटी कंसात आहे. 'डिपॉझिटचे २ लाख बँकेतल्या मॅडमनी सांगितलेल्या गॅरंटीड प्लॅनमध्ये टाकलेत. सात वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी दुप्पट. पुढचे हप्ते भाड्यातून निघतील. कागद गेल्या आठवड्यात घरी आले.'

साहेब, ते २ लाख तुमचे नाहीत, भाडेकरूचे आहेत. उद्या त्याची बदली झाली की तो किल्ली देईल आणि त्याच दिवशी पैसे मागेल. कुठून देणार? हा प्लॅन म्हणजे विमा पॉलिसी; ती मोडून मिळेल तो तुकडा.

'दुप्पट' या शब्दाचंही बघू. सात हप्ते वेगवेगळ्या वर्षी भरले जाणार, म्हणजे पैसा सरासरी बारा वर्षं अडकतो. बारा वर्षांत दुप्पट म्हणजे सहा टक्के. एवढं साधी एफडीही देते, आणि ती हवी तेव्हा मोडता येते. ५७ वर्षांच्या माणसाला ७२ व्या वर्षीचे पैसे विकणाऱ्या मॅडमनी त्यांचं टार्गेट पूर्ण केलं, एवढंच.

आणि भाड्यातून हप्ते? वर्षाचं भाडं ३ लाख ८४ हजार. घर पाचशे फुटांच्या आतलं, म्हणून मालमत्ता कर नाही. पण सोसायटीचे ४८ हजार गेले. रंग, प्लंबर, दलाली, अधूनमधून रिकामा जाणारा महिना मिळून पन्नास हजार धरा. उरले पावणेतीन-तीन लाख. त्यातून २ लाखांचा हप्ता आणि तुमच्या स्वप्नातल्या लोनचे वर्षाला सव्वा लाख. भाड्याचं घर खिशातून चालवायची वेळ येईल, तीही पगार बंद झाल्यावर.

कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे मिळतात. हे छापून येईपर्यंत मुदत उलटू नये म्हणून तुम्हाला ईमेल आधीच केलाय. मॅडमचा फोन येईल, 'सर, थोडं थांबा' म्हणतील. थांबू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आलेली रक्कम कमी पडेल तेवढी स्वतःची भर घालून वेगळ्या एफडीत ठेवा आणि तिला हात लावू नका.

आणखी एक. 'भाडेकरू सज्जन आहेत, म्हणून यंदा करार केला नाही' असंही लिहिलंय. सज्जन असतीलच. पण राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाड्याचा करार (लिव्ह अँड लायसन्स) लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय वाद झाला, तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, खोटं ठरवायचं काम तुमचं. दोन वर्षांच्या कराराला पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क साधारण दोन हजार, नोंदणी एक हजार. वर एजंटची फी. एवढे वाचवायला हा धोका?

घरावर खर्च करायची हौसच असेल तर बाथरूम बघा. खालच्या मजल्यावरचे काका छताला ओल येते म्हणून 'कटकट करतात', असं तुम्हीच लिहिलंय. बाथरूममधून होणारी गळती सोसायटी नाही, सभासदच दुरुस्त करतो. लाद्या उचलून वॉटरप्रूफिंग करून घ्या, पाऊस सुरू व्हायच्या आत, भाडेकरूला चार दिवस आधी सांगून. काकांचा रंगही तुम्हालाच काढून द्यावा लागेल, तो हिशोबात धरा.