गोव्यात पावसाळ्यात रेझिनचं लाइटसेबरचं (‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या प्रकाशाच्या तलवारीचं) किट जोडून रंगवता येईल का? एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) घ्यावाच लागेल का?

जोडता नक्की येईल. रंगवणं मात्र उघडीप बघून. तुम्हाला चवथीच्या सुट्टीपर्यंत मूठ हुबेहूब धातूची दिसायला हवी आहे, म्हणून सांगतो: धातूची झाक रंगाच्या डब्यातून कमी येते, घासण्यातून जास्त येते. आणि घासायला पावसाळ्याइतका चांगला काळ नाही. मी फोंड्याला राहतो, माझी किटं मी याच दिवसांत घासतो.

आधी सगळे भाग कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुवा. भाग साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य त्यावर असतं. ते राहिलं तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, पुढे पापुद्र्यासारखा निघतो. एखादा भाग वाकला असेल तर गरम पाण्यात मऊ करून सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात धरा. मग वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, आकडा मोठा तितका तो बारीक): साच्याची रेघ 220 ने काढायची, पुढे 400, 600, चकाकी हवी तिथे 1000. पाणी लावूनच घासा आणि मास्क लावा, रेझिनची भुकटी छातीत जाता कामा नये. बुडबुड्यांची भोकं गाड्या रंगवणारे वापरतात त्या पुट्टीने भरा. त्यावर राखाडी प्रायमरचा पातळ हात दिलात की न दिसलेले ओरखडे दिसायला लागतात. पुन्हा घासा, पुन्हा प्रायमर. इथे घाई करू नका. चकचकीत रंगाखाली ओरखडा लपत नाही, उलट जास्त उठून दिसतो.

जोडताना जिथे ताण येईल तिथे दोन्ही बाजूंना भोक पाडून तारेचा तुकडा घाला आणि अराल्डाइट लावा. फेविक्विक हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे आत्ता ते चटकन धरेल, पण दमट हवेत सांध्याभोवती पांढरट पूड धरते. ती रंगाआधी पुसा.

रंगाची खरी अडचण अशी: थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग दुधाळ होतो. बाजारात आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या. 70 टक्क्यांच्या वर आकडा असेल तर स्प्रेला हात लावू नका. एअरब्रशची गरज नाही, स्प्रे कॅन पुरतो. कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, भरपूर हलवा, वीतभर अंतरावरून पातळ हात मारा. व्हरांड्यात मारा, बंद खोलीत नाही. थिनरची वाफ धुळीच्या मास्कने अडत नाही, त्याला कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो. गावातल्या चित्रशाळेतही एकदा जाऊन या. गणपती रंगवणाऱ्यांनाही हीच हवा मिळते, आणि एक हात वाळल्याशिवाय दुसरा न देण्याचा त्यांचा संयम प्रत्यक्ष बघण्यासारखा असतो.

रंग निवडण्याआधी मूळ वस्तू कशाची होती ते समजून घ्या, मला या छंदातला सगळ्यात आवडता भाग हाच. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’साठी सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांनी लंडनच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात ग्राफ्लेक्सच्या जुन्या फ्लॅशच्या मुठी शोधून काढल्या आणि त्यांना काळ्या पट्ट्या चिकटवल्या. म्हणजे नायकाचं शस्त्र मुळात वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांच्या हातातलं साधन होतं. त्या मुठी पितळेच्या, वरून चकाकता मुलामा दिलेल्या. त्यामुळे झीज दाखवायची तर खालून काळं किंवा गंजासारखं तपकिरी काढू नका, पिवळसर पितळ दिसू द्या. तेही जिथे अंगठा टेकतो आणि जिथे कडा घासली जाते तिथेच, बारीक ब्रशने. सगळीकडे सारखे ओरखडे काढले की वस्तू वापरलेली न वाटता नुसती मळकट वाटते.

क्रोमच्या चकचकीत चंदेरी रंगासाठी खाली चकचकीत काळा रंग द्या, तो पूर्ण कडक होऊ द्या, मग क्रोमचे अगदी पातळ हात. वरून क्लिअरचा पारदर्शक हात मारू नका, चमक मरते. काळ्या पट्ट्या सगळ्यात शेवटी चिकटवा. चवथीचा हट्ट सोडता आला, तर तोवर प्रायमरपर्यंतचं काम उरका आणि क्रोम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर मारा. मी तुमच्या जागी असतो तर तेच केलं असतं.