दोन वाक्यांची करारदुरुस्ती

प्रश्न : मे २०१० मध्ये ग्रीसला ११० अब्ज युरोंची मदत जाहीर झाली, तेव्हा युरोपीय संघाच्या करारात काहीच बदल करावा लागला नाही. मग कायमस्वरूपी मदतनिधीसाठीच करारदुरुस्ती कशाला हवी होती? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अडचण पैशांची नव्हती, कलमाची होती. संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या करारातील कलम १२५ नुसार एका सदस्य देशाचे देणे दुसऱ्या देशाला किंवा संघाला आपल्या अंगावर घेता येत नाही. ग्रीसच्या ११० अब्जांपैकी ३० अब्ज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे होते आणि उरलेली रक्कम म्हणजे युरो देशांनी आपापली दिलेली कर्जे, असे मानून तेव्हा वाट काढण्यात आली. पाठोपाठ संघाच्या अर्थसंकल्पाच्या हमीवर ६० अब्जांची जी सोय झाली, तिला आधार होता कलम १२२ चा, आणि त्यात उल्लेख आहे तो नैसर्गिक आपत्तींचा व देशाच्या आवाक्याबाहेरील असाधारण घटनांचा. वर्षानुवर्षे साचलेल्या तुटीला भूकंपाच्या पंक्तीला बसवणे एखाद्या वेळी खपून जाते. कायमची व्यवस्था त्यावर उभारता येत नाही.

याची सर्वाधिक धास्ती जर्मनीला होती, कारण कार्ल्सरूहे येथील घटना न्यायालयात अशा मदतीला आव्हान मिळणार हे उघड होते. म्हणून चॅन्सेलर अंगेला मेर्केल यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये करारदुरुस्तीचा आग्रह धरला आणि फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी यांना त्यासाठी राजी केले. मात्र संघाचे मूळ करार बदलणारा लिस्बन करार लागू होऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि आयर्लंडच्या मतदारांनी तो २००८ मध्ये आधी फेटाळलाही होता, त्यामुळे पुन्हा सार्वमताच्या वाटेला जाण्याची कोणाचीही तयारी नव्हती. तेव्हा संघाचे अधिकार न वाढवणाऱ्या दुरुस्त्यांसाठी असलेली सोपी पद्धत निवडली गेली आणि मार्च २०११ मध्ये कलम १३६ ला अवघ्या दोन वाक्यांचा परिच्छेद जोडण्याचे ठरले. संपूर्ण युरो क्षेत्राच्या स्थैर्यासाठी अपरिहार्य असेल तेव्हाच वापरायची यंत्रणा युरो देशांना उभारता येईल, असे पहिले वाक्य म्हणते. मदत कठोर अटींवरच मिळेल, असे दुसरे. यातला ‘अपरिहार्य’ हा शब्द जर्मन न्यायाधीशांना डोळ्यांपुढे ठेवूनच घातला असावा, असे मला वाटते.

पुढचा क्रम मात्र उलटा झाला. ७०० अब्ज भांडवलाच्या (त्यातले प्रत्यक्ष भरायचे ८० अब्जच) या कायमस्वरूपी निधीचा स्वतंत्र करार दुरुस्तीच्या आधीच, २७ सप्टेंबर २०१२ रोजी, लागू झाला. जर्मनीचा वाटा १९० अब्जांच्या वर जाऊ न देण्याच्या अटीवर कार्ल्सरूहेने त्याला दोन आठवडे आधी वाट करून दिली होती. मूळ दुरुस्ती मात्र चेक अध्यक्ष व्हाक्लाव्ह क्लाउस यांनी सही न केल्याने अडकून राहिली आणि त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी सही केल्यावर १ मे २०१३ रोजी अमलात आली. त्याआधीच, आयर्लंडचे खासदार थॉमस प्रिंगल यांच्या दाव्यात, युरोपीय न्यायालयाने २७ नोव्हेंबर २०१२ रोजी निकाल दिला होता, की ही दुरुस्ती नवा अधिकार देत नाही, सदस्य देशांकडे मुळात असलेल्या अधिकाराला केवळ दुजोरा देते.