स्टुटगार्टचे नळ, ठाण्याची भिंत

प्रश्न : आमचा ठाण्यातला फ्लॅट एकवीस वर्षांचा आहे, सातव्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. दोन्ही बाथरूम आणि किचनचं सिंक नव्याने करायचंय. बजेट सहा लाख, एफडी मोडून. मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे स्टुटगार्टला जातोय. तिथे जर्मन कंपनीचे नळ-शॉवर १,२४० युरोत मिळतात. तीच मॉडेल्स इथल्या शोरूममध्ये सवलत धरून २,०५,००० रुपयांना. सरळ ८०,००० वाचतात, त्यात किचनच्या ट्रॉल्या होतील. आणावेत का?

ताई, सोबत यादी पाठवलीत हे फार बरं केलंत. तिच्यावर मी मधोमध एक रेघ मारली आहे. रेघेखालचं आणा, वरचं तिथेच राहू द्या.

आधी तुमचे ८०,००० बघू. युरो शंभर रुपये धरला तर खरेदी १,२४,००० ची आणि फरक ८१,००० चा. इथलं क्रेडिट कार्ड तिथे वापरलंत आणि बँक साडेतीन टक्के मार्कअप (परदेशी चलनाचा जादा आकार) लावत असेल, तर त्यावरच्या १८ टक्के जीएसटीसह ५,१०० गेले. मग कस्टम्स. हिशेब मी हात राखून, २०१६ च्या बॅगेज नियमांतल्या माणशी ५०,००० च्या शुल्कमाफीवर करतोय. निघताना चालू आकडा बघून घ्या, वाढीव मर्यादा मिळाली तर ती वरकड. ही माफी ज्याची त्याची असते, नवरा-बायकोची बेरीज करून चालत नाही. सामान आणि बिलं दोघांत निम्मी-निम्मी असतील तर प्रत्येकी १२,००० जास्तीचे, त्यावर ३८.५ टक्के शुल्क, म्हणजे दोघांचे मिळून सव्वानऊ हजार. सगळं एकाच्याच नावावर आलं तर साडेअठ्ठावीस हजार. बचत उरली ६६-६७ हजार, नाहीतर ४७ हजार. वाईट नाही, मान्य.

पण ती बचत येते कुठून? यादीत रेघेच्या वर असलेल्या दोन कन्सील्ड शॉवर सेटमधून. जर्मनीत ७६,०००, इथे १,३०,०००. एकूण ८१ पैकी ५४ हजार या दोन वस्तूंत आहेत, आणि नेमक्या याच भिंतीत गाडल्या जाणार आहेत.

बेसिनचा नळ बिघडला तर तो काढून दुसरा बसवता येतो. कन्सील्ड मिक्सरची बॉडी प्लास्टरच्या आत असते, वर टाइल. सहा-सात वर्षांनी तिच्यातलं कार्ट्रिज, म्हणजे पाणी सोडणारा-थांबवणारा आतला भाग, गेलं, तर इथल्या डीलरकडे तोच नंबर मिळेलच असं नाही. परदेशातल्या बिलावर इथे सहसा वॉरंटीही चालत नाही. मुलगी पार्सल पाठवेपर्यंत बाथरूम बंद. आणि बॉडीच गळायला लागली तर टाइल फोडा, वॉटरप्रूफिंग पुन्हा करा, तशीच टाइल मिळेना म्हणून अख्खी भिंत बदला, शिवाय सहाव्या मजल्यावरच्यांचं छत रंगवून द्या. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे अशी आतली गळती सभासदाच्याच खर्चाने निघते. माझ्या अंदाजाने एका भिंतीला चाळीस ते साठ हजार, मनस्ताप वेगळा. ५४,००० वाचवून ही जोखीम मी माझ्या घरात घेणार नाही.

शिवाय तुम्ही वरच्या मजल्यावर. तिथल्या खोक्यावर मिनिटाला किती लिटर याचा जो आकडा असतो तो सहसा तीन बार दाबाला मोजलेला. गच्चीवरच्या टाकीतून दाब मिळतो तो उंचीचा, दहा मीटरला साधारण एक बार. तुमच्या शॉवरवर टाकी तीन-चार मीटर असेल, म्हणजे ०.३ ते ०.४ बार. त्यावर तो ताटाएवढा शॉवर पावसासारखा बरसणार नाही, गळक्या पागोळीसारखा ठिबकेल. (हे मॉडेल इथे घेतलंत तरी हेच होईल, त्यामुळे हा दोष परदेशी खरेदीचा नाही.) प्रेशर पंप लावता येतो, पण तो खर्च तुमच्या सहा लाखांत मला कुठे दिसला नाही. जाण्याआधी आत्ताच्या नळाखाली बादली लावा आणि घड्याळ बघा. पंधरा लिटरला तीन मिनिटं लागली तर मिनिटाला पाच लिटर. तो आकडा शोरूमवाल्याला सांगा, मग शॉवर निवडा. चांगल्या देशी कंपनीचे डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे की नळाकडे हे वळवणारे) आणि शॉवर दोन्ही बाथरूमचे मिळून चाळीस हजारांत बसावेत.

आता रेघेखालचं : बेसिनचे दोन मिक्सर, दोन हँड शॉवर, किचनचा ओढून बाहेर येणारा नळ. ४८० युरो, म्हणजे ४८,०००, इथे ७५,०००. एकाच्याच बॅगेत आले तरी पन्नासच्या आत, त्यामुळे शुल्क शून्य. कार्डाचे दोन हजार आणि जोडणीच्या सामानाचे दोन हजार वजा केले तरी २३,००० शिल्लक. हे जरूर आणा.

जोडणीचं मुद्दाम लिहिलं, कारण माझे हात एकदा पोळलेत. मेहुण्याने अमेरिकेतून बेसिनचा सुंदर नळ आणला होता. त्याच्या पाइपांचे आटे इथल्या अँगल कॉकला, म्हणजे भिंतीतून नळाला पाणी देणाऱ्या छोट्या कॉकला, लागेनात. प्लंबरने तीन दुकानं पालथी घातली आणि शेवटी नळ माळ्यावर गेला. जर्मनीचं त्या मानाने सोपं. आटे आपल्यासारखेच बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) घराण्यातले, फक्त नळाखालच्या कनेक्शन पाइपची टोकं बहुधा तीन सुती (३/८ इंची) असतात आणि आपला अँगल कॉक अर्धा इंची. प्लंबरला आधीच सांगा, तो अर्ध्या इंची पाइप किंवा रिड्यूसर आणून ठेवेल.

तिथल्या किमतीत १९ टक्के व्हॅट असतो. युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्याला, ५० युरोंवरच्या खरेदीवर, माल न वापरता बॅगेतून बाहेर नेल्यास त्यातला बराचसा परत मिळू शकतो. दुकानदार ती सोय देतो का हे पैसे भरण्याआधी विचारा, आणि परतताना विमानतळावर तिथल्या कस्टम्सचा शिक्का घ्या. मुलगी तिथे राहते, तिला हा परतावा नाही. म्हणून बिल तुमच्या नावावर हवं, तिच्या नाही. मिळाले तर चार-पाच हजार, पण मी ते हिशेबात धरलेले नाहीत.

माझ्या यादीप्रमाणे नळ-शॉवरचा एकूण खर्च ९२,००० च्या आसपास. सगळं जर्मनीहून आणलंत तर जोडणीचं सामान धरून १,४०,०००. शॉवर जर्मन नसेल, एवढाच फरक. एफडी मात्र एकदम सहा लाखांची मोडू नका. आधी साडेचार मोकळी करा, टाइल बसल्यावर उरलेली लागते का बघा. आणि ट्रॉल्यांचं सुतारकाम पुढच्या दिवाळीपर्यंत थांबवा. जुन्या इमारतीत भिंत फोडली की आतून काय निघेल याची यादी कुणी देत नाही, तेवढे पैसे हाताशी राहू द्या.