पहिली पेटी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं आणि त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडकले. ‘काकू, रंग आणि कॅनव्हास आईकडेच ठेवून जाते, कुठे स्थिर झालो की काढीन.’ १९८१ साली माझ्या आईच्या ओटीवर उभी राहून मी हेच म्हटलं होतं. शब्दसुद्धा जवळजवळ हेच.

तुझं काम चांगलं आहे, ते तुलाही ठाऊक आहे. फौजेतल्या माणसाशी लग्न केलंस तेही डोळे उघडे ठेवून. त्यावर मी काही लिहीत बसत नाही. बदलीच्या ट्रकमध्ये रंगांची पेटी चढणार की नाही, एवढाच प्रश्न आहे. चढली पाहिजे. आणि नव्या क्वार्टरमध्ये सगळ्यांत आधी तीच उघडली पाहिजे, भांड्यांच्याही आधी.

सावित्रीबाई खानोलकरांचं नाव तू ऐकलं असशील, परमवीर चक्राचं डिझाइन करणाऱ्या म्हणून. बहुतेकांना तेवढंच माहीत असतं. त्यांचा जन्म २० जुलै १९१३ चा, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा. वडील हंगेरियन, आई रशियन. इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत शिकणाऱ्या विक्रम खानोलकर नावाच्या मराठी तरुणाशी ओळख झाली आणि ही मुलगी घरच्यांचा विरोध असताना हिंदुस्थानात आली. १९३२ साली लग्न झालं तेव्हा एकोणीस वर्षांची होती. त्यानंतर फौजी बायकोचं आयुष्य, म्हणजे तुझं आणि माझं. एका छावणीत पडदे शिवायचे, दुसरीत ते खिडकीला आखूड पडायचे.

पण त्या बाईंनी थांबून राहायचं नाव काढलं नाही. मराठी, हिंदी, संस्कृत शिकल्या. पुराणं वाचली. उदय शंकरांकडे नृत्य शिकल्या. चित्र काढत राहिल्या. पुढे महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. यांतलं काहीही शिकायला त्या ‘स्थिर झाल्यावर’ म्हणत थांबल्या नाहीत.

स्वातंत्र्यानंतर इंग्रजांच्या व्हिक्टोरिया क्रॉस या शौर्यपदकाच्या जागी आपलं स्वतःचं पदक हवं होतं. ती जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे होती आणि त्यांनी सावित्रीबाईंना विचारलं. का विचारलं, याचा नीट विचार कर. त्या दिवशी त्या पुराणं वाचायला बसल्या असत्या तर काय उपयोग होता? पंधरा वर्षं प्रत्येक बिऱ्हाडात त्या वाचतच होत्या. दधीची ऋषींनी देवांसाठी देह ठेवला, त्यांच्या अस्थींचं इंद्राचं वज्र झालं, ही गोष्ट त्यांच्या आत कधीच मुरली होती.

पदकाचं चित्र मोठं करून बघ. साधं कांस्य, जेमतेम पावणेदोन बोटं रुंद. मध्ये अशोकस्तंभाची राजमुद्रा, भोवती चार वज्रं. मागच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजी नावांच्या मध्ये दोन कमळं. फीत एकरंगी जांभळी. वरच्या पट्टीला ते असं अडकवलंय की फिरवता येतं. कुठे नक्षी नाही, चकाकी नाही. आजवर एकवीसजणांना ते मिळालं, त्यांतल्या चौदाजणांना मरणोत्तर. पहिलं मेजर सोमनाथ शर्मांना, जे ३ नोव्हेंबर १९४७ ला काश्मीरमध्ये बडगामला लढताना पडले. ते सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर. स्वतःच्या हाताने कागदावर काढलेलं वज्र आपल्याच नात्यातल्या मुलाच्या नावाने दिलं गेलं, तेव्हा त्या घरात काय झालं असेल हे मला अनेकदा वाटून गेलंय. तुझा नवरा आत्ता फील्डवर आहे, म्हणून इथेच थांबते.

१९५२ मध्ये विक्रमराव गेले. बाईंची अजून चाळिशीही आली नव्हती. पुढे त्या रामकृष्ण मिशनकडे वळल्या आणि २६ नोव्हेंबर १९९० ला गेल्या. अडतीस वर्षं एकट्याने काढली. जे शिकून ठेवलं होतं ते तेव्हाही सोबत होतं. बिऱ्हाडाबरोबर जे फिरलं तेच उरतं गं, आईच्या माळ्यावर ठेवलेलं नाही.

माझं सांगते. एकोणीस वर्षांत अकरा घरं झाली. रंगांची ट्रंक मी नंतर आईकडून आणली, पण यादीत तिचा नंबर कायम शेवटचा असायचा, सतरा किंवा अठरा. आधी भांडी, मग मुलांची पुस्तकं, मग गाद्या. अठरापर्यंत पोचायचे तोवर पुढच्या पोस्टिंगची चिठ्ठी यायची. एका गावी तर ती उघडलीच नाही, वर टेबलक्लॉथ घालून टीव्ही ठेवला. शेवटी उघडली तेव्हा बिजागरी गंजून धरली होती, ट्यूबा दगड झाल्या होत्या आणि चांगल्या ब्रशांच्या केसांना कसर लागून नुसत्या दांड्या राहिल्या होत्या. मी त्या दांड्या हातात घेऊन जमिनीवर बसले होते. माझं वय तेव्हा सेहेचाळीस.

मी आळशी नव्हते, हे तुला कळायला हवं. दोन मुलं, एकाला दमा, नवरा तीनदा फील्डवर, सासूबाई अंथरुणावर. लेडीज मीटची रांगोळी, वेल्फेअर सेंटरचे शिवणवर्ग, कुणाच्या नव्या सुनेची गाठभेट, सगळं मी केलं आणि मनापासून केलं. त्यातल्या कशाचाही मला पश्चात्ताप नाही. जवानांच्या बायकांना मी शिकवलेली फुलकारी अजून कुठेतरी कुणी काढत असेल. पण रोज अर्धा तास मला मिळू शकत होता. कुणी हिरावून नेला नव्हता. ट्रंक उघडी असती तर तो मिळालाच असता, एवढंच माझं म्हणणं आहे आणि त्यावरून मी हटणार नाही.

‘उत्तर दिशेचा उजेड नाही, जागा नाही, टर्पेंटाइनचा वास मुलाला सोसत नाही,’ असं तू लिहिलंयस. मग जलरंग घे. पेन्सिल घे. आसामात जाते आहेस, तिथे घरोघरी माग असतात, मुगा रेशमाचा तो सोनेरी रंग जवळून बघ, विणणाऱ्या बाईशेजारी बस, तिची भाषा शीक. परक्या मुलखातून येऊन सावित्रीबाईंनी हेच केलं. मुंबईतल्या स्टुडिओत तुला जे मिळालं नसतं ते बदलीचं गाव देतं, पण वही हातात असेल तर. नाहीतर दोन वर्षांनी फक्त चहाचे डबे घेऊन परत येशील. रागावू नकोस. राग माझा माझ्यावर आहे, तो तुझ्यावर सांडतोय.

तर आज एवढं कर. आईकडून पेटी परत आण. झाकणावर आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या ऑइलपेंटने मोठा १ आकडा घाल आणि यादीतही पहिल्या ओळीवर लिही, म्हणजे हमाल ती सगळ्यांत शेवटी चढवतील आणि तिथे सगळ्यांत आधी उतरवतील. रंग वाळायला दीड-दोन दिवस जातात. ट्रक शनिवारी आहे ना?

तुझी,
काकू