डब्यात काय आहे आणि ते कधीपासून आहे?

प्रश्न : आमचे पाच जणांचे कुटुंब सोलापुरात राहते. मी आणि माझे पती दोघेही नोकरी करतो, त्यामुळे आठवड्याची भाजी रविवारी एकदमच आणतो. शनिवारी फ्रीज आवरायला घेतला, की काळी पडलेली कोथिंबिरीची जुडी, लिबलिबीत झालेली काकडी आणि कधीच्या तरी आमटीचा डबा निघतोच. सासूबाई म्हणतात, वास घेतला की कळते. मुलगा म्हणतो, नोंद ठेवणारे ॲप घेऊ. अन्न टाकताना जिवाला लागते. ताजेपणाचा हिशेब घरात कसा ठेवावा?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : जिवाला लागते, ते योग्यच आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील घरांमधून दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न, साली-देठांसह, वाया जाते. पाच माणसांच्या घराला हाच हिशेब लावला, तर वर्षाकाठी पावणेतीन क्विंटल होतात.

सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि ते अर्धे मोलाचे आहे. भाजी विटते, भात आंबतो, दूध नासते, शेंगदाणे खवट होतात, ज्वारीच्या पिठाची विरी जाते आणि मग भाकरी थापताना फाटते. प्रत्येक बिघाडाला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, कारण हे बिघाड पिढ्यान्‌पिढ्या नाकाने आणि बोटांनी ओळखले गेले आहेत. ही ओळख मुलांनाही जरूर करून द्या. मात्र तिला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे आजार करणारे जिवाणू वाढले, तरी अन्नाचा वास बदलतोच असे नाही. शिजवलेला भात बराच वेळ बाहेर राहिला, तर त्यात एका जातीचे जिवाणू विष तयार करू शकतात आणि ते विष भात पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. दुसरी मर्यादा आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे : वास येतो, तेव्हा ते अन्न हातचे गेलेले असते. ते वाचवायचे, तर दोन दिवस आधी कळायला हवे आणि ते केवळ लिहिलेली तारीखच सांगू शकते.

आपल्या आमटीच्या डब्याचेच पाहा. स्टीलचे डबे एकसारखे दिसतात, झाकण लावले की आतले काही दिसत नाही आणि प्रत्येकाला वाटते, की ते दुसऱ्या कुणीतरी कालच ठेवले असेल. म्हणून कागदी चिकटपट्टीचे एक रीळ आणि दोरीने बांधलेले एक पेन फ्रीजजवळच अडकवून ठेवा. डबा आत जाण्यापूर्वी पट्टीवर दोनच गोष्टी लिहा : पदार्थाचे नाव आणि तो शिजवल्याची किंवा पाकीट फोडल्याची तारीख. ‘अमुक दिवसापर्यंत चालेल’ असे लिहू नका. तो अंदाज चुकू शकतो, शिजवल्याची तारीख चुकत नाही. दुधाच्या रतीबाचे खाडे आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर विनातक्रार मांडतोच. त्याच सवयीला एवढी जोड द्यायची आहे.

ॲपला माझा विरोध नाही, पण स्वयंपाकाच्या ओल्या हातांनी मोबाईल उघडून नोंद करणे चार दिवसांत मागे पडते आणि नोंद एकाच्या मोबाईलमध्ये असली, तर फ्रीज उघडणाऱ्या दुसऱ्याला ती दिसत नाही. मुलाला हौस असेल, तर डाळी, मसाले, बिस्किटे अशा महिनोन्‌महिने टिकणाऱ्या जिनसांचे काम त्याच्याकडे सोपवा. त्याला एवढे मात्र सांगा, की पाकिटावर छापलेली मुदत बंद पाकिटासाठी असते. ते फोडले की नवा हिशेब सुरू होतो. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ची तारीख उलटलेला पदार्थ खाऊ नये, तर ‘बेस्ट बिफोर’ ही चवी-दर्जाची मुदत आहे.

फ्रीजमधला डोळ्यांसमोरचा कप्पा ‘आधी संपवायचे’ म्हणून राखून ठेवा आणि रविवारी बाजाराला निघण्यापूर्वी तो पाहूनच यादी करा. शिजवलेले अन्न फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांत संपवावे आणि फ्रीजचे तापमान ५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये. दूध दारातल्या कप्प्यात ठेवू नका, कारण दार सतत उघडल्याने तिथे गारवा सर्वांत कमी टिकतो. शिजवलेले अन्न दोन तासांत फ्रीजमध्ये जावे असा सर्वसाधारण नियम आहे. हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल, तर ती मुदत एका तासावर येते. पारा चाळिशीपार नेणाऱ्या आपल्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे वरण-भात ओट्यावर ठेवून वामकुक्षी घेणे म्हणूनच धोक्याचे आहे. पातेले गार होण्याची वाट पाहू नका. पसरट डब्यात काढले की अन्न लवकर निवते.

भाजीचा क्रम ठरवून टाका. मेथी-कोथिंबीर पहिल्या दोन-तीन दिवसांत, मग भेंडी-गवार, शेवटी कोबी, दुधी, गाजर. कोथिंबीर न धुता निवडून कोरड्या सुती कापडात गुंडाळावी. ओलाव्यानेच ती काळी पडते. कांदे-बटाटे फ्रीजबाहेर, पण एकमेकांपासून दूर ठेवावेत. पिकलेली केळी पालेभाजीजवळ ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या वायूने पाने लवकर पिवळी पडतात.

उरलेल्या भाकरीबद्दल सोलापूरकरांना मी काय सांगावे? आपली कडक भाकरी टिकते, कारण तिच्यात पाणीच उरलेले नसते आणि पाण्यावाचून बुरशी वाढत नाही. मऊ भाकरीचे मात्र तसे नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्करून फोडणीला टाकावी, तिसऱ्या दिवसावर ढकलू नये.

प्रश्न : चटणीसाठी पाच किलो शेंगदाणे एकदम घेतले. आता काही खवट लागतात आणि तळाच्या थोड्या दाण्यांवर हिरवट बुरशी दिसते. ते निवडून, भाजून वापरले तर चालतील का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : खवटपणा आणि बुरशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाण्यातल्या तेलाचा हवेशी संयोग झाला, की खवटपणा येतो आणि त्याने चटणीची चव जाते. बुरशीचे प्रकरण गंभीर आहे. दाण्यांवर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे, यकृताला घातक असे विष तयार करतात. ते घरच्या भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही आणि वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही असू शकते. म्हणून बुरशी लागलेल्या डब्यातले दाणे निवडत बसू नका, सगळेच टाका. जनावरांनाही घालू नका. पाच किलोंचे नुकसान मनाला लागेल हे मी जाणते, तरीही इथे काटकसर करू नये.

पुढच्या वेळी महिन्याला लागतील एवढेच दाणे घ्या, सुरकुतलेले आणि काळपट दाणे आधीच वेगळे काढा, डबा पूर्ण कोरडा असल्याची खात्री करा आणि झाकणावर खरेदीची तारीख लिहा. कूट किंवा चटणी एका वेळी आठवड्यापुरतीच करावी, कारण कुटलेला दाणा अख्ख्या दाण्यापेक्षा फार लवकर खवट होतो.